पांढऱ्या फुलांना अंधार लागतो

आमच्या टेरेसवर सध्या रोज संध्याकाळी सहाला एक नाटक चालतंय. मी स्वयंपाकघरातून ओलेच हात घेऊन वर जाते, कोपऱ्यातल्या पाच कुंड्यांवर फ्रीजचं खोकं उपडं घालते, वर वीट ठेवते आणि खाली येते. सकाळी दूध घ्यायच्या आधी परत वर जाऊन खोकं काढते. समोरच्या बिल्डिंगमधल्या अक्कांना पहिल्या वर्षी वाटलं की मी कोंबड्या पाळल्यात. त्यांनी आमच्या सासूबाईंना विचारलंपण, अंडी विकता काय म्हणून.

कोंबड्या नाहीत, शेवंती आहे. पांढरी.

सुरुवातीपासून सांगते. पाच-सहा वर्षांपूर्वी डिसेंबरात एकदा रात्री आठच्या सुमाराला लाईट गेली, आमच्या बेळगावातल्या सगळ्या टिळकवाडीची. इन्व्हर्टरची बॅटरी आमची तेव्हा संपलेलीच, म्हणून मी टेरेसवर वाळत घातलेले कपडे चाचपडत आणायला गेले. तर काळ्या अंधारात जमिनीपासून फूटभर उंचीवर काहीतरी पांढरं पांढरं तरंगत होतं. दोन सेकंद पोटात गोळाच आला, मग कळलं की अरे हा तर आपला तगर आणि ते चार रुपयाचं पिटुनियाचं रोप. शेजारची लाल जास्वंद, जांभळी सदाफुली, झेंडू, सगळं गायब, जसं काही कुंड्याच रिकाम्या. फक्त पांढरं तेवढं दिसत होतं. थंडी मरणाची, मी तिथंच कपडे हातात घेऊन उभी. त्या रात्री डोक्यात बसलं की थंडीतली बाग करायची तर पांढरी. आमच्यासारख्या नोकरी करणाऱ्या माणसाला बाग दिसते कधी? सकाळी घाईत आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर. मग अंधारात दिसतील अशीच फुलं लावावीत की.

सासूबाईंना पटलं नाही. "सगळं पांढरंच काय करालीस गं, घरात काय झालंय काय?" हे त्यांचं वाक्य. आमच्याकडं पांढऱ्याला ती एक बाजू आहेच, नाकारून उपयोग नाही. मी म्हटलं, आई, तुमचा शंकर सोमवारी पांढरंच फूल मागतोय नव्हं. त्यावर त्या गप्प बसल्या, खरं पटलं असं नाही. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'. पुण्याच्या लोकांचा यात कायम घोळ होतो.)

तर बेळगावची थंडी. पूर्वी आमच्या गावाला गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे. समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंची, पावसाळा लांबलचक आणि ओलागच्च, आणि दिवाळीनंतर एक दिवस अचानक सकाळी स्कूटरवर नाक गार पडतं. त्या दिवसापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तीन-साडेतीन महिने असे असतात की इंग्लंड-अमेरिकेतल्या बागेच्या पुस्तकात जी फुलं उन्हाळ्यातली म्हणून दिलेली असतात ती इथं कुंडीत मस्त येतात. अॅलिसम, पिटुनिया, फ्लॉक्स, कॅन्डीटफ्ट, स्नॅपड्रॅगन, स्टॉक. ती पुस्तकं वाचून कुणी एप्रिलमध्ये पेरायला घेतलं तर मात्र मे महिन्यात सगळं पापडासारखं वाळतंय. आपला कॅलेंडर वेगळा, दसरा ते शिवरात्र. विधानसभेचं हिवाळी अधिवेशन भरून गावाबाहेर हलग्याच्या बाजूला ट्रॅफिक तुंबलं की समजायचं बाग रंगात आलेली आहे.

सगळ्यात जास्त मला विचारतात ते मोगऱ्याबद्दल. थंडीत मोगरा फुलत नाही हो, काय करू? काही करू नका. त्याला झोपू दे. मोगरा उन्हाळ्याचा, डिसेंबरात पाणी कमी करायचं, जानेवारीच्या शेवटी कात्री लावायची, शेणखत घालायचं, मग मार्चपासून बघा. थंडीत त्याला खत घालून घालून उठवायला बघणं म्हणजे रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी दहाला हलवून उठवल्यासारखं आहे. निशिगंधाचंही तसंच, थंडीत तो मंदावतो. थंडीतला मोगरा हवा असेल तर कुंद लावा.

कुंद हे आमच्या भागातलं विसरलेलं झुडूप आहे असं माझं ठाम मत झालंय. सरस्वतीच्या श्लोकात आपण शाळेत रोज पहिलं नाव त्याचंच घ्यायचो, आणि वर्गातल्या एकालाही विचारलं असतं कुंद कसा दिसतो तर सांगता आलं नसतं. मोगऱ्याच्याच जातीतला, पानावर हात फिरवला की बारीक लव लागते, फूल चांदणीसारखं टोकदार पाकळ्यांचं, आणि येतात ती झुपक्यानं. वास फार नाही, हे आधीच सांगते, नंतर मला शिव्या नकोत. खरं फुलतो तो ऐन थंडीत, बाकी सगळ्या जाई-जुई गप्प असताना. माझं झाड खानापूरच्या मैत्रिणीच्या अंगणातलं, तिनं पावसाळ्यात फांदी वाकवून मातीत दाबून वर दगड ठेवला होता, दोन महिन्यांनी मुळं धरल्यावर कापून ओल्या गोणपाटात गुंडाळून एसटीनं आणलं. म्हणजे आपली वायव्य कर्नाटकची लाल बस, तिला एसटीच म्हणायचं. त्याला ऊन भरपूर पाहिजे, आणि फुलून झाल्यावर छाटायचं, आधी नाही. पहिल्या वर्षी मी ऑक्टोबरात गुलाबाबरोबर त्यालाही कात्री लावली हौसेनं, आणि त्या सगळ्या थंडीत एक फूल नाही. गुलाब ऑक्टोबरात छाटतात म्हणून सगळंच छाटायचं नसतं हे तेव्हा कळलं.

बिया घालायच्या असतील तर आत्ता घाला, पाऊस ओसरला की लगेच. अॅलिसम आणि पिटुनिया दोन्हीचं बी इतकं बारीक की पुडी उघडताना शिंक आली तर संपलं. त्यावर माती टाकायची नाही, त्याला उगवायला उजेड लागतो, नुसतं वरून भुरभुरायचं आणि हलकं दाबायचं. बारीक वाळूत मिसळून भुरभुरलं की एका जागी ढीग होत नाही. मी पहिल्यांदा असं दाट पेरलं होतं की आठव्या दिवशी हिरवा गालिचा, दहाव्या दिवशी सगळा गालिचा आडवा. बुडातून देठ काळे पडून रोपं कोलमडलेली. जास्त ओल, दाटी आणि वारा नाही, तिन्ही चुका एका ट्रेमध्ये. आता वरून झारीनं पाणी घालतच नाही, ट्रे खालून पाण्याच्या ताटात ठेवते दहा मिनिटं, मग काढते. आणि मुंग्या! पिटुनियाचं बी मुंग्या उचलून नेतात, मी डोळ्यानं बघितलंय, रांगच्या रांग, एकेक दाणा डोक्यावर. ट्रेच्या भोवती हळदीची रेघ. हसू नका, चालतंय ते.

माती आमच्याकडं दोन तऱ्हेची, खानापूरकडची लाल जांभ्याची आणि शहापूर-वडगावच्या शेतातली काळी. काळी माती बासमतीला चांगली, कुंडीला नाही, पाणी धरून बसते आणि थंडीत मुळं कुजतात. मी लाल माती, जुनं शेणखत आणि भाताचं तूस असं घालते. तूस गिरणीवाले पोतं भरून देतात. कुणाच्या ओळखीत साखर कारखाना असेल तर मळी (रस गाळल्यावर उरतो तो गाळ, प्रेसमड) मिळते, ती पण चांगली असते, फक्त ताजी घालू नका, ती आतून तापते आणि मग वासानं शेजारी येतात.

आता शेवंती. कारण खोक्याची गोष्ट अर्धीच राहिली.

पहिली पांढरी शेवंती मी एका नर्सरीतून आणली, नाव सांगत नाही. मी चारदा विचारलं पांढरीच ना, नक्की ना. "बिळी ऐत्री अक्का, बिळी," म्हणजे पांढरीच आहे, असं त्यानं कन्नडमधे छातीवर हात ठेवून सांगितलं. नोव्हेंबरात फुलली, पिवळीधमक, हळदीच्या कार्यक्रमासारखी. तेव्हापासून माझा नियम, फुललेलं बघितल्याशिवाय पांढरं म्हणून घ्यायचं नाही. दुसऱ्या वर्षी मार्गशीर्षात देवळाजवळ एका मावशीकडं दाट पाकळ्यांची, मधे जरा हिरवट छटेची पांढरी शेवंती दिसली, तिच्या पाठीमागं लागून मूळ आणलं. फुलं संपली की फेब्रुवारीत झाड जमिनीलगत कापायचं, बुडातून फुटवे येतात, ते जपायचे, जून-जुलैत त्यांच्या शेंड्याच्या काड्या लावायच्या. मग खुडणं.

खुडणं मला माझ्या अप्पांनी शिकवलं. माझं माहेर निपाणी, अप्पांचं सगळं आयुष्य तंबाखूत गेलं. तंबाखूला फूल येऊ द्यायचं नसतं, कळी दिसली की शेंडा खुडायचा, म्हणजे सगळं बळ पानात उतरतं, मग बगलेतून फुटवे येतात ते पण काढत राहायचं. अप्पांच्या उजव्या अंगठ्याचं नख अजून काळपट आहे, तंबाखूच्या चिकानं, कितीही साबण लावला तरी. ते आमच्याकडं आले होते ऑगस्टमध्ये, मी कात्रीनं शेवंतीचे शेंडे कापत होते तर म्हणाले, ठेव ते. मग अंगठ्याचं नख आणि पहिलं बोट, टिच्, टिच्, टिच्, पाच मिनिटात वीस कुंड्या. एवढासा शेंडा, दोन पानांचा, आणि देठ चिरडलेला नाही. "तंबाखूत शेंडा मारतो फूल नको म्हणून, तुझ्यात मारायचा फुलं जास्त पाहिजेत म्हणून. हात एकच." ऑगस्ट संपला की खुडणं बंद, नाहीतर कळ्याच खुडल्या जातात.

तर तीन वर्षांपूर्वी असं सगळं रीतसर केलं, आणि नोव्हेंबरात पंधरा कुंड्या फुलल्या, पाच नाही. त्या पाच नुसत्या वाढत होत्या, हिरव्यागार, तब्येतीनं एकदम फर्स्टक्लास, कळीचं नाव नाही. खत एकच, माती एकच, एकाच आईची पोरं. मी आधी पोटॅश घातलं, मग पाणी तोडलं, मग सासूबाईंनी दृष्ट काढली. डिसेंबर गेला, मार्गशीर्षातले चारही गुरुवार गेले, त्या पाच कुंड्या तशाच.

उत्तर दुसऱ्याच रस्त्यावर सापडलं. कॅम्पात एका जुन्या बंगल्याच्या कुंपणाला ते स्नोफ्लेक म्हणतात ते झुडूप आहे, पॉइन्सेटियाच्या नात्यातलं, डिसेंबरात अख्खं झुडूप बारीक पांढऱ्या पानांनी भरून जातं, लांबून बर्फ पडल्यासारखं. (तोडू नका, चीक असतो, डोळ्याला लागला तर भयंकर.) तर त्या झुडपाची आतली बाजू पांढरीशुभ्र आणि रस्त्याकडची बाजू हिरवी. मधे सरळ रेघ मारल्यासारखी. मी गाडी थांबवून बघत राहिले आणि वर मान केली तर खांब. पांढऱ्या एलईडीचा. मग आमच्या कोपऱ्यावरचा खांब आठवला, त्याच वर्षी पिवळा दिवा काढून नवा बसवला होता, आणि त्याचा झोत टेरेसच्या कठड्यावरून नेमका त्या पाच कुंड्यांवर.

घरी येऊन वाचत बसले. शेवंती फुलते ती थंडी बघून नाही, मुख्यतः रात्र बघून. आपल्याकडं जूनमध्ये दिवस साधारण १३ तासांचा असतो आणि डिसेंबरात सव्वा ११ चा, एवढाच फरक, खरं तेवढा तिला पुरतो. रात्र लांब होत गेली की शेंड्यात पान बनवायचं थांबवून कळी बनवायला लागते. आणि रात्री मधेच उजेड पडला तर तिच्या हिशोबानं ती रात्र झालीच नाही. मोठे शेवंतीवाले शेतकरी पॉलीहाऊसमध्ये मुद्दाम बल्ब लावून तिला आधी वाढवत ठेवतात आणि मग काळं कापड टाकून हव्या त्या तारखेला फुलवतात. माझ्या त्या पाच कुंड्यांना कुणीतरी फुकट बल्ब लावून ठेवला होता, एवढंच.

आणि पुढचं वाचून मी अप्पांना फोनच लावला. ही गोष्ट जगाला कळली कशातून, तर तंबाखूतून! अमेरिकेत मेरीलँड मॅमथ म्हणून तंबाखूची एक जात निघाली, ती उन्हाळाभर नुसती वाढायची, माणसापेक्षा उंच, पानंच पानं, फूल नाही, म्हणून बी मिळेना. तिथल्या शेती खात्यातल्या गार्नर आणि ॲलार्ड या दोघांनी खत, पाणी, ऊब सगळं बदलून बघितलं. शेवटी दुपारी झाडं अंधाऱ्या खोपटात ढकलायची आणि सकाळी बाहेर काढायची असं सुरू केलं, तर फुललं. १९२० साली त्यांनी ते छापलं. रोज ढकलायचं, रोज काढायचं. अप्पांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बी साठी एवढं? आमच्या वखारीतला माणूस एका दिवसात सांगितला असता, सावलीत ठेव म्हणून." नसता सांगितला, खरं असू दे.

आमच्याकडं खोपटं नाही, नवीन फ्रीज आला होता त्याचं खोकं होतं. आधी मी शहाणपणा करून काळं प्लास्टिक टाकलं, चार दिवसात आत घाम येऊन पानांवर बुरशी. खोक्यात हवा खेळते. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटापासून रोज, संध्याकाळी सहा ते सकाळी साडेसहा-सात. मधे सुट्टी घ्यायची नाही, कळ्यांना रंग दिसेपर्यंत. साधारण तीन-चार आठवड्यात वाटाण्याएवढ्या कळ्या दिसल्या आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाचही कुंड्या फुलल्या, बाकीच्यांपेक्षा जरा उशिरा, म्हणजे मार्गशीर्ष गुरुवारांना बरोबर. खांबाबद्दल मी तक्रार केली नाही का? केली. कन्नडमधे एक, मराठीत एक. दोन्ही भाषांत उत्तर नाही, याबाबतीत तरी सीमाभागात समानता आहे.

मागच्या थंडीत माझ्या लेकीला, आठवीत आहे, शाळेतून काहीतरी प्रयोग करून आणायचा होता. तिला म्हटलं तगराची पाकळी घे आणि चिमटीत जोरात दाब. दाबली तिथं पांढरा रंग गायब, ओल्या ट्रेसिंग पेपरसारखी आरपार. पाकळीत पांढरा रंग नसतोच मुळी, आतल्या पेशींच्या मधे हवा असते बारीक बारीक, तिच्यावर उजेड विस्कटतो म्हणून पांढरी दिसते. उसाच्या रसावरचा फेस पांढरा दिसतो तसं. दाबलं की हवा निघून गेली, पांढरं संपलं. तिनं त्या दिवशी माझा निम्मा तगर दाबून संपवला. उरलेला न्यायला सकाळी फिरायला जाताना पिशवी घेऊन येणारे लोक आहेतच.

आणि म्हणूनच पांढऱ्या फुलावर सगळं दिसतं. लाल फुलाला फुलकिडे लागले तर आठवडाभर कळत नाही, पांढऱ्याची कड तिसऱ्या दिवशी तपकिरी. दव पडून पाकळ्यांवर चट्टे येतात, वाळलेलं फूल तसंच राहिलं तर चहात बुडालेल्या कागदासारखं दिसतं. रोज हात फिरवायला लागतो, वाळलेली खुडायची, पाणी सकाळीच आणि बुडाला, फुलावर अजिबात नाही. ज्यांना रोज दहा मिनिटं नाहीत त्यांनी पांढरी कोरांटी लावावी. कुणी विचारत नाही तिला, कुंपणाला पडलेली असते, खरं ऑक्टोबरपासून संक्रांतीपर्यंत फुलत राहते आणि काही म्हणजे काही मागत नाही.

बुचाचं झाड लावू काय असं पण एकीनं विचारलंय. बाई, जागा किती आहे? ते तीन मजले जातं, लाकूड ठिसूळ, वाऱ्यात फांद्या पडतात, आणि मुळातून इकडंतिकडं पोरं उगवतात. सध्या फुललंय सगळीकडं, सकाळी लवकर जा आणि रस्त्यावरची वेचून आणा. लांब दांड्याची ती फुलं सुईशिवाय एकात एक गुंफून वेणी करायची, आम्ही निपाणीत शाळेच्या भिंतीवर बसून करायचो. दुसऱ्याच्या दारात असावं असं झाड आहे ते.

पिटुनिया मात्र स्वतःच्या दारात असावा, आणि पांढराच. दिवसा त्याला वास नसल्यात जमा, अंधार पडला की सुटतो. गेल्या जानेवारीत मी पायरीवर शाल गुंडाळून बसलेली, आणि एक मोठा पतंग आला, करड्या रंगाचा, फुलावर बसत नाही, समोर हवेतच थरथरत उभा, आणि लांब सोंड काढून एकेका फुलात घालतोय, पंखांचा घुंss असा आवाज. हॉकमॉथ म्हणतात त्याला. तो पण अंधारातला गिऱ्हाईक, पांढरं बघून येणारा. खांबाच्या बाजूच्या कुंड्यांवर तो गेला नाही. मी एकदाच बघितलंय त्यामुळं सिद्धांत मांडत नाही.

काल मी निपाणीला आले, अप्पांना डॉक्टरकडं न्यायचं होतं. सहा वाजले आणि खोकं आठवलं. लेकीला फोन केला तर ती क्लासला. सासूबाईंना केला. म्हणाल्या, "घातलंय की, पाचलाच घातलं, वीट पण ठेवली, तू काळजी करू नकोस." मला एवढं भरून आलं, म्हटलं बघ, पाच वर्षांनी का असेना.

आत्ता लेकीनं फोटो पाठवलाय. खोकं तगरावर आहे. शेवंती बाहेर लाईटखाली आणि विटेखाली माझा पिटुनियाचा ट्रे.